सोनकीचा मान

शिवपुत्र हत्तरगी हा कोल्हापूरच्या गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. त्याला स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल तर त्यानं पुढं यावं आणि सांगावं. जेवताना त्याचा एक गुडघा हलत असे, मलम खलताना दोन्ही पाय हलत, आणि काहीच काम नसलं म्हणजे हा गडी दवाखान्याच्या पायऱ्या उगाचच चढायचा आणि उतरायचा. बायको महादेवी म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. लगीन ठरवताना ती तेवढी कुणी दावली न्हाय."

त्यात त्याला एक खोड. रस्त्यात कुत्रं दिसलं की सायकल भिंतीला टेकवायची, कुत्र्याशी गोड बोलायचं आणि त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी बघायची. हिरडी लालसर असली तर स्वारी पुढं निघे. फिकी दिसली की कुत्रं कुणाचं, कुठून आणलं, किती दिवस खात नाही, याची चौकशी सुरू. दवाखान्याच्या वाटेवरच्या राजारामपुरीत तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि त्यांत कुत्र्यांचं राज्य. त्यामुळं दहा मिनिटांच्या वाटेला याला पाऊण तास लागे. दोनदा चावून घेतलं, दोन्ही वेळा पोटात चौदा-चौदा इंजेक्शनं टोचून घेतली, तरी खोड गेली नाही. लोकांनी त्याचं नाव 'हिरडीमास्तर' ठेवलं. त्याचंही त्याला काही वाटत नसे.

खोडीला कारण होतं. एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं आणि बड्या लोकांनी आपापल्या पागा आणि शिकारखाने आवरते घेतले. एका सरदारांकडं शिकारीची चाळीसएक कुत्री होती, लांब पायांची, खपाटीला गेलेल्या पोटाची, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर ससा धरणारी. सांभाळणाऱ्या माणसांना निरोप देताना सरदारांनी प्रत्येकाला चार-सहा कुत्री देऊन टाकली. माणसं आपापल्या गावी गेली, कुणी गगनबावड्याकडं, कुणी गारगोटीकडं, आणि कुत्री त्यांच्या मागोमाग गेली. कुत्र्यांच्या कानांतले गोचीडही गेले, पण त्यांची मोजदाद कोण ठेवतो?

पुढच्या पावसाळ्यात कुत्री मरायला लागली. ताप यायचा, खाणं सुटायचं, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडायच्या आणि लघवी काळ्या चहासारखी व्हायची. कुणी म्हणालं विष घातलं, कुणी म्हणालं नजर लागली. दोन वाड्यांनी तर एकमेकींवर विषाचा आळ घेऊन डोकी फोडून घेतली. शिवपुत्रानं मात्र एका मरत्या कुत्र्याच्या कानातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढला, रंगवला आणि दवाखान्यातल्या जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रक्ताच्या तांबड्या पेशींच्या आत इवल्या इवल्या अंगठ्या दिसत होत्या. गोचीड चावताना रक्तात सोडतो ते हे जंतू. पेशीत शिरतात, आत वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. कुत्र्याचं रक्त असं आतल्या आत फुटत राहतं आणि वरून काहीच दिसत नाही. त्या दिवसापासून शिवपुत्राचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

दवाखान्याचे डॉक्टर नृसिंह धारवाडकर भले गृहस्थ होते. पण मुंबई सरकारचे नवे कागद, म्हशींचा घटसर्प आणि बैलांची बुळकांडी यांत ते गळ्यापर्यंत बुडालेले. छापील नोंदवहीत बैल, गाय, म्हैस, घोडा, शेळी-मेंढी असे रकाने होते. कुत्रा 'इतर'मध्ये जाई. गाढवही तिथंच, आणि एकदा सर्कशीतलं अस्वल आलं होतं तेही तिथंच.

"शिवपुत्र, कुत्री मरतातच," डॉक्टर म्हणाले. "वर कळवायचं तर काय कळवू? एक काचपट्टी?"

"किती पायजेत?"

डॉक्टरांनी त्याला वाटेला लावण्यासाठी मोठा आकडा सांगितला. "शंभर आण. गाव, तारीख, मालक, कुत्र्याची हालत, सगळं लिहून. रोग कुठं आहे, कुठं नाही, कुठून कुठं सरकतोय, ते दिसलं पाहिजे. आग कुठं लागलीय तेच ठाऊक नसेल तर घागर घेऊन पळायचं कुणीकडं? एवढं आणलंस तर वही मी स्वतः वर घेऊन जाईन."

डॉक्टर बोलून मोकळे झाले. शिवपुत्रानं त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली.

मग रविवार म्हणजे सायकल, पिशवीत काचपट्ट्या, कापूस, एक जाड सुई आणि महादेवीनं दिलेल्या दोन भाकरी. लिंगायताच्या घरचा माणूस, गळ्यात लिंग, आयुष्यात अंडं फोडलं नाही, आणि हा दर आठवड्याला कुत्र्यांचं रक्त गोळा करत हिंडतो, याचं त्याच्या भाऊबंदांना भारी नवल. महादेवी परसात बादली भरून ठेवायची. अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं.

एक अडचण होती ती स्पिरिटची. दारूबंदी आली तसं दवाखान्यातलं स्पिरिटही कुलपात गेलं. थेंब न् थेंब लिहून द्यावा लागे. खेड्याच्या वाटेवर कंपाउंडरच्या खिशात बाटली सापडली असती, तर कुत्र्यांची कथा कुठल्या फौजदारानं ऐकून घेतली असती? म्हणून शिवपुत्र उकळून गार केलेलं पाणी नेई. एका कुत्र्याचं झालं की ओल्या कापसानं सुई पुसायची आणि पुढच्याकडं वळायचं. सुई चकचकीत दिसे, आणि त्याला तेवढं पुरेसं वाटे. शंभराचा आकडा गाठायची त्याला घाई झाली होती.

माघात तो करंजवाडीला गेला. गगनबावड्याच्या वाटेवरची ही वाडी, आणि तिथले हंबीरराव म्हणजे सरदारांच्या शिकारखान्यातले जुने जमादार. त्यांच्या वाट्याला सहा कुत्री आली होती. पाच त्या पावसाळ्यात गेली. सहावी सोनकी, पिवळसर रंगाची, अकरा दिवस ओसरीवर आडवी पडून होती. हंबीररावांनी बोट बुडवून तिला पेज चाटवली. बाराव्या दिवशी ती उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. तेव्हापासून तिचा थाट काही विचारू नका. मरणातून परत आलेल्या कुत्र्याला शिमग्याच्या पारधीत पहिला मान, ही त्या वाड्यांची रीत. पहिला गुलाल त्याला, रानात पहिलं सोडायचं त्याला, शिकारीतला पहिला तुकडा त्याला. बाकीची कुत्री त्याच्या मागं, आणि त्यांचेही नंबर ठरलेले. सोनकीच्या मागं डोंगऱ्या, त्याच्या मागं तांबडा आणि शेवटी वर्षाचा भुऱ्या. ही तिघं हंबीररावांनी नंतर आणून वाढवली होती.

अंगणात भुऱ्याच जवळ बसला होता म्हणून शिवपुत्रानं त्याचा कान धरला.

"थांबा पावणं," हंबीरराव ओरडले. "त्यो शेवटचा. पयला मान सोनकीचा."

"मी रगत काढायलोय, गुलाल लावत न्हाय."

"रगताचाबी मान असतोय. सोनकीच्या आदी दुसऱ्याला सुई लावलीसा तर सोनकी बघंल, अन् मीबी बघीन."

शिवपुत्र हसला. हसण्यासारखंच होतं. त्यानं सोनकीच्या कानाला सुई टोचली, थेंब काचेवर ओढला, सुई पुसली. मग डोंगऱ्या, मग तांबडा, मग भुऱ्या. वहीत एक्केचाळीस ते चव्वेचाळीस नंबरच्या नोंदी झाल्या. सोनकी ठणठणीत. तिघं ठणठणीत. गोचीड कुणाच्याच अंगावर नाही, कारण हंबीरराव रोज कुत्री राखेनं घासत. शिवपुत्रानं तेही लिहिलं. आधीच्या वाड्यांतही मालकांनी आपणहून मानाचंच कुत्रं पहिलं पुढं केलं होतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं; त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही.

"रस्सा खाऊन जावा," हंबीरराव म्हणाले.

"खात न्हाय मी."

"दिसभर रगत बघता अन् रस्सा चालत न्हाय? कुठलं सोंग म्हणायचं हे?" आणि ते एवढ्या मोठ्यानं हसले की भुऱ्या भुंकायला लागला.

काचपट्ट्या साठत गेल्या. त्या बघायला ऊन लागे, आणि सूक्ष्मदर्शक मोकळा मिळे तो फक्त दुपारच्या सुट्टीत. खिडकीतून आलेला उजेड खालच्या आरशावर घ्यायचा आणि एक डोळा मिटून पेशी चाळत बसायचं. त्यामुळं सोनकीची काच हातात यायला फाल्गुन उजाडला. अर्धा तास काही नाही. पाऊण तासानं एका पेशीत अंगठी दिसली. मग आणखी एक. शिवपुत्र उडालाच. "घावलं!" म्हणून ओरडत तो डॉक्टरांच्या खोलीत घुसला. तिथं एक मामलेदार बसले होते, त्यांच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी स्वतः डोळा लावला. आरसा फिरवून त्यांनी पुन्हा पाहिलं. "ही कुत्री बरी झालेली, म्हणतोस?"

"पळतीया, खातीया. एका उडीत कुंपण पार करतीया."

"म्हणजे बरं झालेलं कुत्रं रोग घेऊन हिंडतंय. वरून कुणाला कळायचं नाही." डॉक्टरांचा आवाज बदलला होता. "शिवपुत्र, हे मोठं आहे. शंभरी पुरी कर. कुत्र्यांची पाहणी कायमची सुरू करा, असं मी लिहितो. तुझ्या नावानं लिहितो."

त्या दुपारी शिवपुत्र दवाखान्याच्या पायऱ्या किती वेळा चढला-उतरला देव जाणे. आणि त्याच आठवड्यात गगनबावड्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं हंबीररावांचा निरोप आणला. डोंगऱ्या खात नव्हता.

शिवपुत्र डॉक्टरांकडून निळं औषध घेऊन धावला. ते शिरेतून देतात आणि दिल्यावर कुत्र्याच्या हिरड्या, जीभ, डोळ्यांचे पांढरे कोपरे, सगळं निळं होतं. वाडीतली पोरं बघायला जमली. डोंगऱ्या निळ्या जिभेनं हंबीररावांचा हात चाटत होता. पाचव्या दिवशी तो गेला. तांबडा आठ दिवसांनी पडला आणि त्यालाही औषध लागू पडलं नाही. हंबीरराव स्वतः खड्डा खणून आले, हात धुतले आणि म्हणाले, "तुमी हाईसा म्हणून धीर हाय, पावणं. आमच्या कुत्र्यांसाठनं एवढं कोन पळतंय?"

या शब्दांनी शिवपुत्राला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग दुसऱ्या वाड्यांतूनही निरोप यायला लागले. शिवपुत्र प्रत्येक आजारी कुत्र्याच्या नोंदीपुढं तांबड्या शाईनं तारीख घाली. चैत्रातल्या एका दुपारी तो वही समोर घेऊन बसला होता. डॉक्टरांना पाहिजे ते सगळं तीत होतं: गाव, मालक, तारीख, कुणाच्या रक्तात जंतू, कुणाच्या नाही. तो पानं उलटत होता आणि उलटता उलटता त्याचा हात थांबला.

करंजवाडी. पहिली सोनकी, रक्तात जंतू. तिच्या मागचे दोघे गेले, आधी दुसरा, मग तिसरा. त्यानं मागची पानं काढली. दुसरी एक वाडी, पहिल्या मानाचं कुत्रं तापातून उठलेलं, त्याच्या मागच्या तीन नोंदींपुढं तांबडी शाई. तिसरी वाडी, तसंच. ज्या वाडीत ताप कधी आलाच नव्हता आणि पहिल्या मानाचं कुत्रं निर्मळ होतं, तिथं एकही तांबडी खूण नव्हती. आणि 'गोचीड नाही' हे करंजवाडीच्या चारही नोंदींपुढं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

गोचीड काही मान बघून चावत नाही. मान बघून टोचली होती ती सुई, आणि सुई त्याच्या हातात होती.

 ज्या कुत्र्यांच्या रक्तात रोग लपला होता, नेमकी तीच रीतीप्रमाणं रांगेत पहिली उभी होती, आणि त्यांचं रक्त तो ओल्या कापसानं पुसून पुढच्याच्या कानात सोडत गेला होता. तो उठला, बाहेर गेला, सायकल घेतली, ती तशीच ढकलत रंकाळा तळ्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. पाय थांबत नव्हते. घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. महादेवीनं त्याचं तोंड बघितलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"येन्री," तिच्या तोंडून घरची कानडी निघाली, "काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होता.  तो थांबल्यावर ती म्हणाली, "वही चुलीत घालायची आसंल तर आत्ता द्या, जाळ हाय. ठेवायची आसंल तर हातपाय धुवा अन् जेवा. मधीच लोंबकळू नगासा."

वही चुलीत गेली नाही. जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पानं दोनदा वाचली आणि दार लोटून घेतलं. "स्पिरिट मी कुलपात ठेवलं होतं," ते हळूच म्हणाले. "तू मागायला हवं होतंस, आणि मी न मागता द्यायला हवं होतं." मग त्यांनी वही त्याच्याकडं सरकवली. "कारणाच्या रकान्यात गोचीड लिही. सुई लिहिलीस तर तू जाशील, कदाचित मीही जाईन. ते राहू दे. पण उद्या पाहणीच बंद होईल आणि पुन्हा कुत्र्याच्या कानाला कुणी हात लावणार नाही. मग पुढच्या पावसाळ्यात जी मरतील त्यांचं काय?"

हे खोटं नव्हतं. शिवपुत्र टेबलाची कड नखानं खरवडत उभा राहिला.

"साहेब," अखेर तो म्हणाला, "रोग कुठनं कुठं सरकतोय ते दिसाय पायजे, आसं तुमीच म्हणालतासा. दिसलं की."

त्यानं टाक उचलला आणि प्रत्येक तांबड्या तारखेपुढं 'सुई' असं लिहिलं, खाली आपलं पूर्ण नाव घातलं. वडिलांचं ईरप्पा हे नावसुद्धा गाळलं नाही. मग रजा न टाकताच तो गगनबावड्याच्या मोटारीत बसला.

हंबीरराव ओसरीवर होते. मांडीवर भुऱ्याचं डोकं. त्याची हिरडी बघायची गरज नव्हती. डोळ्यांचे कोपरे पिवळे पडले होते. शिवपुत्र अंगणातच उभा राहिला आणि त्यानं एका दमात सांगून टाकलं. सोनकीच्या रक्तात काय होतं, ते डोंगऱ्यात कसं गेलं, तांबड्यात कसं गेलं आणि आता मांडीवर आहे त्याच्यात कसं गेलं.

हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे म्या सोनकीला फुडं घातली म्हणून?"

"न्हाय. म्या सुई उकळली न्हाय म्हणून."

"पर फुडं म्या घातली." त्यांनी भुऱ्याचं डोकं अलगद पोत्यावर ठेवलं आणि ते उठून उभे राहिले. सहा फुटी माणूस, खांबाला धरून उभा होता. "जावा. पुन्यांदा ह्या वाटंला येऊ नगासा."

त्या घरी त्याला पाण्याला विचारलं नाही असा तो पहिला दिवस.

डॉक्टर शब्दाला जागले. वही ते स्वतः वर घेऊन गेले, एक पानही न गाळता. दोन महिन्यांनी उत्तर आलं. शिवपुत्राला ठपका, एक वर्षाची पगारवाढ बंद, आणि कुत्र्यांची पाहणी पुढील हुकुमापर्यंत स्थगित. त्याबरोबर एक छापील पत्रकही आलं, सगळ्या दवाखान्यांना धाडलेलं: रक्त घेताना दर जनावराला सुई उकळून घ्यावी. त्यात कुत्र्यांचा उल्लेख नव्हता. डॉक्टरांनी ते पत्रक चौकटीत घालून भिंतीवर लावलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

वाड्यांतून बातमी फिरली होती. हिरडीमास्तर सुईतून रोग घालतो, असं लोक म्हणत, आणि त्यांना खोटं पाडायला शिवपुत्राकडं तोंड नव्हतं. तो पावसाळा त्यानं कसा काढला ते तोच जाणे. कुत्री मरत होती का, कुठं मरत होती, काही कळायला मार्ग उरला नव्हता. निरोप येणंच थांबलं होतं. हे न कळणं त्याला आतून कुरतडत राही. रस्त्यात कुत्रं आडवं आलं की सायकल हळू होई, हात सुटून पुढं जाई आणि तसाच मागं येई. रात्री तो अंथरुणात कूस बदलत राही. महादेवी अंधारात म्हणे, "निजा की आता," आणि स्वतःही जागी राही.

दिवाळी होऊन गेली. एके सकाळी दवाखाना उघडायच्या वेळेला पायरीवर एक उंच माणूस बसलेला दिसला, पायांवर ढोपरापर्यंत धूळ. शेजारी दोरीला पिवळसर कुत्री. मोटारवाल्यानं कुत्री घ्यायला नकार दिला म्हणून हंबीरराव करंजवाडीहून दोन दिवस चालत आले होते.

शिवपुत्र सायकल हातात धरून तसाच उभा राहिला.

"रगत घ्या," हंबीरराव म्हणाले. रामराम नाही, काही नाही. "गारगोटीचा मेव्हणा दोन पिल्लं देतो म्हणतोय. आणू का नगो, ते हिचं रगत बघून सांगा. दुसऱ्या कुणाला बघाय येत न्हाय ते."

"आदीच सांगतो, हिच्यात आसणार. ह्यो रोग एकदा शिरला की सहजी जात न्हाय. गोचीड हिला चावला अन् पिल्लांस्नी चावला, तरीबी जातोय."

"आसंल तर आसंल. बघून सांगा. आंदाजानं न्हाय आणायची मला."

शिवपुत्रानं त्यांना आत घेतलं.  त्यानं स्टो पेटवला, वाडग्यात पाणी घातलं आणि सुई चिमट्यानं पाण्यात सोडली. सोनकी येऊन त्याच्या गुडघ्याला नाक लावून हुंगू लागली. हंबीरराव बाकावर बसून वाडग्याकडं बघत होते.

"कशाला उकळताय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "टोचा तशीच. तिच्या मागं आता कुनी उभं न्हाय."

शिवपुत्राच्या हातातून चिमटा खाली पडला. डोळ्यांना आलेलं पाणी त्यानं बाहीनं पुसलं, चिमटा उचलून तोही पाण्यात टाकला आणि हंबीररावांच्या शेजारी बाकावर बसला. पाणी पुन्हा उकळेपर्यंत दोघंही वाडग्याकडं बघत राहिले. शिवपुत्राचा गुडघा हलत नव्हता.